मोडण्याआधीची तक्रार

१

बागेतल्या तिसऱ्या बाकाची फळी बुधवारी सकाळी फुटली. पिण्याच्या पाण्याचा नळ गुरुवारी गळू लागला. पूर्वेकडचे फाटक शुक्रवारपासून करकरू लागले. या तिन्ही बिघाडांच्या तक्रारी त्याच आठवड्यातल्या सोमवारी, सकाळी आठ वाजता, उद्यान नागरिक सल्लागार समितीच्या वहीत नोंदवल्या गेल्या होत्या.

समितीत पाच माणसे होती. तिची बैठक फाटकाजवळच्या काचेच्या खोलीत भरत असे. एके काळी तिथे तिकिटे विकली जात. पाच खुर्च्या मांडल्या की दार अर्धेच उघडत असे, त्यामुळे रागाने तरातरा निघून जाण्याची सोय तिथे कोणालाच नव्हती. शनिवारच्या तातडीच्या बैठकीत अध्यक्ष उशीवर बसले होते. ते निवृत्त मुख्याध्यापक; सगळे त्यांना हेडसर म्हणत. बुधवारी बाक फुटले तेव्हा त्यावर तेच होते.

"अठ्ठावीस वर्षं मी मुलांना बाकावर उभं केलं," हेडसर म्हणाले. "बाकानं मला आडवं करावं हे पहिल्यांदाच."

"जुना हिशेब असेल सर," समोरच्या दुकानातले शिंपीमामा म्हणाले.

"चेष्टा पुरे. मामा, तुम्ही काय पाहिलंत ते सांगा."

"मंगळवारी दुपारी माळीदादा त्या बाकाखाली उताणा पडला होता. हातात पाना. दुकानातून स्वच्छ दिसलं."

"आणि बुधवारी मी पडलो." हेडसरांनी खिशातून पत्र काढले. "एका आठवड्यात तीन वस्तू. हा निष्काळजीपणा नव्हे, हा खोडसाळपणा आहे. माळ्याची बदली पलीकडच्या रोपवाटिकेत करावी, अशी शिफारस मी लिहिली आहे. सोमवारी सगळ्यांच्या सह्या."

रोपवाटिका शहराच्या दुसऱ्या टोकाला होती. माळीदादा बागेमागच्या दोन खोल्यांत राहत. त्या खोल्या नोकरीबरोबर मिळालेल्या आणि नोकरीबरोबरच जाणाऱ्या. त्यांच्याबरोबर त्यांची म्हातारी आई राहत असे. तिला दिसत नव्हते. बावीस वर्षांत तिने बाग पावलांनी पाठ केली होती. खोलीपासून नळापर्यंत एकवीस पावले. नव्या जागी तिला पुन्हा एकपासून मोजावे लागले असते, आणि तिचे वय ब्याऐंशी होते.

समितीतल्या चौथ्या खुर्चीवरच्या बाईंनी हात वर केला. त्यांनी एकतीस वर्षे शहराच्या पाणी तपासणी प्रयोगशाळेत काढली होती, म्हणून त्यांना लॅबबाई म्हणत. चिमूटभर पुराव्याशिवाय त्या 'आज उकडतंय' हेदेखील मान्य करीत नसत.

"सर, सोमवारच्या तक्रारीत काय होतं?"

"तिसरं बाक डुगडुगतं. नळ गळतो. फाटक वाजतं."

"सोमवारी साडेसातला मी त्याच फाटकातून आले. त्याच नळावर बाटली भरली. त्याच बाकावर वीस मिनिटं बसले. काही वाजत नव्हतं, गळत नव्हतं, डुगडुगत नव्हतं. मी तेव्हाच म्हटलं होतं."

"नियम चार, बाई. तक्रारीची शहानिशा समितीनं करायची नाही. नोंदवायची आणि माळ्याला चिठ्ठी द्यायची. नाहीतर उद्या लोक म्हणतील, आम्ही तक्रारी दाबतो."

"मला सोमवारपर्यंतचा वेळ द्या. तोवर सही घेऊ नका."

"काय शोधणार?"

"सोमवारी आठ वाजता जगात नसलेला बिघाड कोणाला दिसला, एवढंच."

२

कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडते, हे लॅबबाईंना मान्य होते. एकदा पडते. तीनदा पडली तर कावळ्याची चौकशी करणे भाग असते.

पहिली चौकशी दातांच्या डॉक्टरांची. समितीतली ती सर्वांत तरुण सभासद, आणि तिसऱ्या बाकाच्या जागी तिला व्यायामाचे बार हवे होते. हे तिने सहा बैठकांत सहा वेळा सांगितले होते.

"मावशी, माझ्यावर संशय आहे?" डॉक्टरने हातमोजे काढत विचारले. दवाखान्यात पेशंट नव्हता.

"सगळ्यांवर सारखाच आहे. तुला बाक नको होतं."

"नको होतं. पण मी काढलं असतं तर मुळासकट काढलं असतं. अर्धवट मोडून ठेवणं आमच्या धंद्यात पाप समजतात." ती हसली. "आणि नळाशी माझं काय वैर? मला तर वाटतं, कोणीतरी माळीदादाला अडकवतंय. आधी तक्रार टाकायची, मग जाऊन मोडायचं."

"मोडून मग तक्रार टाकली असती तर काय बिघडलं असतं?"

डॉक्टरने विचार केला. "काहीच नाही. उलट सोपं झालं असतं."

"तेच मला खटकतंय. मोडणाऱ्याला आधी कळवायची गरज नसते."

शिंपीमामा मशीनवर होते. बागेच्या कुंपणावरची वेल त्यांच्या पाटीवर चढली होती. 'उत्तम शिवणकाम'मधले फक्त 'काम' दिसत असे, आणि त्यावरून त्यांचे आणि माळीदादांचे आठवड्यातून एकदा वाजत असे.

"ताई, मला तक्रार करायची तर मी इथून ओरडतो. रस्ता ओलांडून पेटीत कागद टाकायला मी काय सरकारी माणूस आहे?" त्यांनी दाताने दोरा तोडला. "शिवाय लिहिणार कोण? माझं अक्षर मलाच लागत नाही. मापंसुद्धा सून लिहिते."

"मंगळवारी माळीदादा बाकाखाली किती वेळ होता?"

"अर्धा तास तरी. पिळत होता, पिळत होता. मला वाटलं, बाकाचं दूध काढतोय."

"लपूनछपून?"

मामा थांबले. सुई हवेत राहिली. "नाही हो. भर दुपारी, सगळ्यांसमोर. नंतर बाकावर बसून बघितलं, उठला, परत बसला. परत खाली गेला." त्यांचा आवाज उतरला. "मोडायला आलेला माणूस बसून कशाला बघेल?"

३

लॅबबाई बाकाजवळ उकिडव्या बसल्या. फळी बोल्टपाशीच चिरली होती. बोल्टचा गंज पान्याच्या कडेने ताजा खरवडलेला होता आणि त्याचे डोके जुन्या लाकडात चांगलेच खोल रुतले होते. ठोकल्याची, कापल्याची खूण कुठेही नव्हती. फळी आवळून आवळून फुटली होती; हेडसर केवळ शेवटचे निमित्त.

नळाचेही तेच. चावी इतकी घट्ट बसवलेली की आतला वायसर चेपून पापुद्रा झाला होता. फाटकाच्या बिजागऱ्यांत बोट फिरवले, तर बोटाला ताजे तेल आणि त्यात शेजारच्या वाळूच्या हौदातली वाळू लागली. कोरडी बिजागरी वाळू धरत नाही; तेलकट धरते. मग ती करकरते.

साप म्हणून भुई धोपटावी आणि भुईलाच भगदाड पडावे, तसा हा प्रकार होता. धोपटणारा कोण हे उघड होते. साप पाहिला म्हणणारा कोण, हे नव्हते.

मागच्या खोलीबाहेर म्हातारी शेंगा सोलत बसली होती. माळीदादा आत होते.

"पाऊल तुमचंच," म्हातारी म्हणाली. "बसा. ह्याला जरा विचारा काय झालंय. सोमवारपासून नीट जेवत नाही. सारखा मला विचारतो, आई, फाटक वाजतंय का गं? मी म्हटलं, नाही रे बाबा वाजत. तर म्हणतो, तुझेही कान गेले."

माळीदादा दारात आले. छप्पन्न वर्षांचा, रुंद हातांचा माणूस. चार शब्दांत काम होत असेल तर पाचवा वापरत नसे.

"दादा, सोमवारी चिठ्ठी मिळाली. तुम्ही नळ पाहिला. गळत होता?"

माळीदादांनी खाली सांडलेली टरफले गोळा करायला घेतली.

"सांग की," आई म्हणाली. "बाई काय खाणार आहेत तुला?"

"मला दिसला नाही गळताना," माळीदादा शेवटी म्हणाले. "खाली वाटी ठेवून बसलो. कोरडी. बाक हलवून बघितलं, मला हलेना. फाटक वाजेना. पण कागदावर लिहिलं होतं. समितीचा शिक्का होता. पाच शिकलेली माणसं खोटं कशाला लिहितील? म्हटलं, माझेच डोळे गेले, कानही गेले."

"मग?"

"मग दुरुस्त केलं. अंदाजानं. जरा जास्तच घट्ट." त्यांनी हातांकडे पाहिले. "पुढच्या महिन्यात आमची वैद्यकीय तपासणी आहे, बाई. त्यात नापास झालो तर घरी. म्हणून कोणाला बोललो नाही."

"दादा, तुम्हाला गळती दिसली नाही, कारण गळती नव्हती. मीही सोमवारी तिथेच होते."

माळीदादांनी त्यांच्याकडे फार मायेने पाहिले. "तुमचंही वय झालंय, बाई."

यावर देण्यासारखा पुरावा लॅबबाईंकडे त्या क्षणी नव्हता. तो फक्त एका माणसाकडे असणार होता: ज्याने त्या तक्रारी लिहिल्या त्याच्याकडे.

४

समितीचे कागद चिटणिसांकडे असत. चिटणीस म्हणजे टपालकाका. चौतीस वर्षे त्यांनी याच भागात टपाल वाटले होते. आता ते मुलाच्या घरी, जिन्याखालच्या खोलीत राहत. मुलगा-सून प्रेमळ होते आणि दिवसभर कामावर असत. खोलीत एक पलंग, एक खुर्ची आणि समितीची फाइल, असा त्यांचा संसार होता. फाइलीला त्यांनी स्वतः कापडी बांधणी केली होती.

रविवारी सकाळी लॅबबाई तिथे गेल्या तेव्हा काकांनी खुर्ची त्यांना दिली आणि स्वतः पलंगावर ताठ बसले.

"तक्रारीचे मूळ कागद बघायचेत."

"बघा की. मी सगळं जपून ठेवतो."

तीन कागद निघाले. वीतभर रुंद, पांढरे, गुळगुळीत. अक्षर तिन्हींवर एकच, वाकडेतिकडे, डाव्या हाताने काढल्यासारखे. त्यांच्याखाली चौथा कागद होता. त्याच सोमवारी पेटीतून निघालेला, पण नोंदवला न गेलेला. त्यावर कुण्या मुलाने खारीचे चित्र काढले होते. विषय समितीच्या कक्षेबाहेरचा, असा शेरा हेडसरांनी वर मारला होता.

"अक्षर ओळखीचं वाटतं का, काका? तुम्ही आख्ख्या वस्तीची अक्षरं वाचलीत."

"नाही बुवा." काका खिडकीकडे पाहू लागले. "आता डोळे पूर्वीसारखे राहिले नाहीत."

या आठवड्यात डोळ्यांना दोष देणारे हे दुसरे गृहस्थ. लॅबबाई फाइल चाळत राहिल्या. मागच्या बाजूला पालिकेचे एक परिपत्रक लावलेले होते, तीन महिन्यांपूर्वीचे. ज्या समितीकडे तिमाहीत किमान तीन तक्रारी येणार नाहीत, ती अनावश्यक समजून विसर्जित करण्यात येईल.

"हे बैठकीत वाचलं नव्हतं."

"राहिलं असेल."

"ही तिमाही कधी संपते?"

"आज," टपालकाका म्हणाले.

या तिमाहीत तक्रारी तीनच आल्या होत्या. दोन नाहीत, चार नाहीत. तिन्ही एकाच सोमवारी, आणि संपायला आठवडा उरला असताना.

घरी न जाता लॅबबाई बागेत गेल्या. पेटी काचेच्या खोलीबाहेर भिंतीला होती. तिची फट त्यांनी बोटांनी मोजली. चार बोटे. पिशवीतून त्यांनी तसाच वीतभर रुंद कागद काढला आणि सरळ आत सारून पाहिला. तो गेला नाही. घडी घालून सारला, गेला. खारीच्या कागदावर दोन घड्या होत्या, चार चौकोन पडले होते. त्या तीन कागदांवर एकही घडी नव्हती. कागदावर एकदा पडलेली घडी इस्त्रीनेही पूर्ण जात नाही, हे शिंपीमामांनीही शपथेवर सांगितले असते.

म्हणजे ते कागद फटीतून आत गेलेच नव्हते. पेटी उघडल्यावर गठ्ठ्यात मिसळले होते. किल्ली हेडसर देत. पण पेटीत हात घालून कागद काढणारा आणि ते आपल्या फाइलीवर ठेवून वाचणारा माणूस दर सोमवारी एकच असे.

५

"तुम्ही घडी का नाही घातलीत?" लॅबबाईंनी विचारले. त्या दुपारी पुन्हा त्याच खुर्चीवर बसल्या होत्या.

टपालकाकांनी नाकारले नाही. त्यांना प्रश्न कळलाही उशिरा. ते दुसऱ्याच आरोपाची वाट पाहत होते.

"लिहिलेला कागद मुडपायचा नाही," ते म्हणाले. "चौतीस वर्षांची सवय. हात वळलाच नाही."

"आणि डावा हात कोणाला फसवायला?"

"तुम्हालाच. बाकी कोण बघतंय?"

दोघेही थोडे हसले. मग काका हसायचे थांबले.

"बाग इतकी छान ठेवलीय दादानं की कोणी तक्रारच करेना. तीन महिने पेटीत जाहिराती आणि पानं. परिपत्रक आलं आणि मला झोप लागेना. तुम्हाला हसू येईल. मी घराघरात जायचो ना, तेव्हा माणसं दारात उभी असायची. कोणाची नोकरी, कोणाचं लग्न, कोणाचा मुलगा. माझी नव्हे, पत्राची वाट बघायची, पण मला चालायचं. आता सोमवारी आठला चार माणसं माझ्यासाठी थांबतात. वही माझ्याकडे असते म्हणून का होईना."

"हसू नाही येत."

"झाडांबद्दल लिहिलं असतं तर दादावर आलं असतं. म्हणून मुद्दाम निर्जीव वस्तू निवडल्या. बाक, नळ, फाटक. कोणाला लागू नये म्हणून. दादा जाऊन बघेल, काही नाही म्हणेल, संपलं. मग बाक खरंच फुटलं आणि मी घाबरलो. मला वाटलं, माझ्या जिभेवर काळा तीळ आहे."

"तीळबीळ काही नाही. तुमचं खोटं त्यांनी खरं मानलं. इतकं, की स्वतःचे डोळे खोटे धरले." त्यांनी वाटीची, नापास होण्याच्या भीतीची आणि आईच्या कानांची हकीकत सांगितली. त्यात त्यांनी मीठमसाला घातला नाही; गरज नव्हती.

टपालकाकांनी फाइलीची बांधणी बोटाने दाबली.

"मी सांगितलं तर समिती जाईल."

"जाईल."

"नाही सांगितलं तर दादा जाईल. आणि म्हातारी."

"उद्या आठला मी माझं निरीक्षण मांडणार आहे, काका. तुम्ही आधी बोललात, तर मला बोलावं लागणार नाही. मला ते जास्त आवडेल."

"आणि नाही बोललो तर?"

"तर मी बोलेन," लॅबबाई म्हणाल्या. "आणि मग आपण दोघं चहा घेऊ. ते काही बदलणार नाही."

६

सोमवारी आठ वाजता हेडसरांनी पत्र टेबलावर ठेवले आणि पेनाचे टोपण काढले. लॅबबाईंनी तोंड उघडले नाही. त्या टपालकाकांकडेही पाहत नव्हत्या.

"सर," टपालकाका म्हणाले, "माळीदादाला आत बोलवा."

"समितीच्या बैठकीत कर्मचारी बसत नाहीत."

"आज बसू द्या. माझ्या खुर्चीवर."

माळीदादा आले. दार अर्धेच उघडते, म्हणून अंग चोरून आले. खुर्चीवर बसले नाहीत. टपालकाका त्यांच्यासमोर उभे राहिले.

"दादा, नळ गळत नव्हता. बाक डुगडुगत नव्हतं. फाटक वाजत नव्हतं. ते तिन्ही कागद मी घरी बसून लिहिले आणि पेटीतून निघाले असं दाखवलं. तक्रारी नसतील तर समिती बंद होणार होती, म्हणून."

बाहेर कोणीतरी फाटक उघडले आणि ते करकरले.

माळीदादा विचार करीत होते. राग यायला त्यांना वेळ लागत असे आणि आज दुसरेच काही आधी आले.

"म्हणजे माझे कान ठीक आहेत?"

"ठणठणीत," टपालकाका म्हणाले. "डोळेसुद्धा."

"आईला सांगतो," माळीदादा म्हणाले, आणि निघाले. दारात वळून ते काकांना म्हणाले, "मी आठवडाभर नीट जेवलो नाही, काका. हे बरं नाही केलंत."

"नाही केलं."

"या दुपारी. आई बोलेल तुम्हाला. ऐकून घ्या."

ते गेल्यावर हेडसरांनी पत्राचे चार तुकडे केले आणि ते कोटाच्या खिशात घातले. बागेत कचरा टाकणाऱ्यांपैकी ते नव्हते. "चिटणीस, तुम्हाला बाकावर उभं करायला हवं," ते म्हणाले. "पण शिल्लक नाही."

"समितीचं काय होणार?" डॉक्टरने विचारले. "आता तर तीन तक्रारी खऱ्याच आहेत."

"तिमाही काल संपली," लॅबबाई म्हणाल्या. "आणि कालपर्यंतच्या तिन्ही खोट्या. आपण पालिकेला तसंच कळवायचं."

"मग विसर्जन," हेडसर म्हणाले.

"होऊ दे," शिंपीमामा म्हणाले. "पण मी सोमवारी आठला दुकान उघडत नाही, ही सवय आता जायची नाही. मी इथेच येणार. खोली नाही दिली तर झाडाखाली. काका, तुम्ही वही आणा. लिहायला काही नसलं तरी चालेल."

टपालकाकांनी वही उघडली, पेन उजव्या हातात धरले आणि त्या दिवसाचे इतिवृत्त आपल्या नेहमीच्या, सगळ्या वस्तीला वाचता येणाऱ्या अक्षरात लिहिले:

'उपस्थिती पाच. गेल्या सोमवारच्या तक्रारी क्रमांक एक, दोन व तीन चिटणिसाने स्वतः रचल्या होत्या. नियम चारप्रमाणे त्यांची शहानिशा न करता समितीने त्या माळ्याकडे पाठवल्या. माळ्याला दोष आढळला नाही. परंतु समितीच्या शिक्क्यावर विश्वास ठेवून त्याने तिन्ही कामे केली. बदलीची शिफारस मागे घेतली. नियम चार रद्द. बिघाडाचे कारण: बाक, नळ व फाटक सुस्थितीत होते. दुरुस्त केल्यामुळे बिघडले.'